मेण गेलं कुठं?

भट्टीमास्तरांनी गिरणीत एकतीस वर्षं कापड उकळलं. मागावरून उतरलेलं कोरं कापड पाणी पीत नाही. कापसाच्या अंगचं मेण आडवं येतं. ते काढायला कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात तासन्‌तास उकळायचं, मग धुवायचं, पुन्हा धुवायचं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी त्यांच्या तळहातांची सालं निघतच होती.

त्यांची मुलगी एका कापड कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिथं नवं यंत्र आलं, तेव्हा तिनं वडिलांना बघायला बोलावलं. पिंपाएवढी बंद पेटी, तिला काचेची छोटी खिडकी. आत कापड ठेवायचं, हवा जवळजवळ सगळी उपसायची आणि उरलेल्या हवेत वीज सोडायची. खिडकीत जांभळट उजेड पसरला. यालाच प्लाझ्मा म्हणतात, असं तिनं सांगितलं. भट्टीमास्तर गुडघ्यांवर हात टेकून पाच मिनिटं तिथंच वाकून राहिले.

मग तिनं दोन कापडांवर पाण्याचे थेंब टाकले. साध्या कोऱ्या कापडावर थेंब मण्यासारखा बसून राहिला. यंत्रातून काढलेल्यावरचा मात्र तिनं स्टॉपवॉच दाबेपर्यंत गडप झाला. सोडा नाही की वाफ नाही. वडील आता कौतुक करतील म्हणून ती थांबली. त्यांनी कापड हुंगलं आणि पेटीत हात घालून तळ चाचपला.

"मेण गेलं कुठं?" त्यांनी विचारलं. "आमच्या भट्टीत वर तवंग यायचा. इथं काहीच दिसत नाही."

मेणाचा वायू झाला आणि पंपानं ओढून नेला, असं ती म्हणाली खरी, पण बोलता बोलता अडखळली. किती गेलं, हे तिनं मोजलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं कापड यंत्रात घालण्याआधी आणि नंतर सुकवून तोललं. फरक अगदी नावापुरता होता. मेण बहुतेक जागच्या जागीच होतं. प्लाझ्मानं त्याचा वरचा पापुद्रा तेवढा खरवडून पाण्याशी त्याचं जुळवून दिलं होतं.

इकडे भट्टीमास्तरांनी एक तुकडा घरी नेला होता. रोज सकाळी चहाच्या चमच्यानं त्यावर थेंब टाकायचे आणि तो मुरेपर्यंत आकडे मोजायचे. चौथ्या दिवशी मुलीच्या आईनं बाकीच्या कपड्यांबरोबर त्या तुकड्यालाही इस्त्री केली आणि थेंब पुन्हा अडून बसला. आई वैतागली, चुरगळलेलं कापड दिसलं की इस्त्री करायची नाही तर काय करायचं, असं तिचं म्हणणं. भट्टीमास्तरांनी मात्र लगेच मुलीला फोन लावला.

"ऊब लागली की आतलं मेण वर येत असेल," ते म्हणाले. "तुझ्याकडे करून बघ."

तिनं काही तुकड्यांना इस्त्री केली, काही नुसते कपाटात ठेवले. इस्त्रीचे पाणी प्यायला लगेच सुस्तावले, कपाटातले हळूहळू, आठवड्यागणिक. हे कळल्यावर कारखान्याच्या साहेबांचं तोंड उतरलं, कारण कापड यंत्रातून काढून गोदामात साठवायचं असा त्यांचा बेत होता. दोन दिवस घुटमळून त्यांनी तो सोडला. यंत्र रंगाच्या टाकीशेजारी हलवलं आणि कापड बाहेर आलं की थेट रंगात जाऊ लागलं.

पहिला निळा ताका वाळला, त्या दुपारी भट्टीमास्तर न बोलावता आले. रंग एकसारखा बसला होता. तेवढ्यावर त्यांचं समाधान होईना. त्यांनी कडेचा एक धागा उसवला, त्याचा पीळ सोडवला आणि चष्मा कपाळावर सारून तो उजेडात धरला.

"आतपर्यंत गेलाय का गं रंग?"

"द्या, भिंगाखाली बघू," ती म्हणाली आणि तिनं त्यांच्यासाठी स्टूल ओढलं.