बारा सेकंद आणि एक उशी

मी पडलो नव्हतो. मी खाली बसलो होतो, जरा घाईने. हे मी सिस्टरांना तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा त्यांनी चष्म्यावरून असं काही पाहिलं की माझं मलाच खोटं वाटायला लागलं.

मुळापासून सांगतो. बत्तीस वर्षं मी शाळेत पी.टी. शिकवली. शिट्टी माझी, घड्याळ माझं, धावणार पोरं. आता दोन वर्षं झाली, डाव्या घोट्याच्या वर एक जखम आहे. भरली भरली म्हणेपर्यंत मेली पुन्हा उघडते. दर मंगळवारी दवाखान्यात जायचं, सिस्टर ती धुतात आणि बोटांपासून गुडघ्यापर्यंत जाडजूड पट्टी आवळून बांधतात. त्या पायात बूट जात नाही, घोटा वळत नाही, आणि सपाता फटक फटक वाजतात ते वेगळंच.

तर एका मंगळवारी सिस्टरांनी फर्मान काढलं. पायाला अशा जखमा असलेले पेशंट फार पडतात, म्हणून प्रत्येकाची परीक्षा. खुर्चीतून उठायचं, तीन मीटरवरच्या पिवळ्या रेघेपर्यंत चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंदांच्या आत. घड्याळ त्यांच्या हातात! माझे एकोणीस झाले. एवढ्या वेळात माझी पोरं शंभर मीटर धावून वर पाणी पिऊन यायची.

लेक सोबत होती, तिने तिथल्या तिथे निकाल लावला. बारा सेकंद जमेपर्यंत बाळाला घेऊन चालायचं नाही. बसून हवं तेवढं घ्या. बाळ म्हणजे माझी नात, तेव्हा तीन महिन्यांची. बसून काय, कोणीही घेतं! या लेकीला मी खांद्यावर टाकून घरभर फिरवून झोपवलेलं आहे. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणता. नातीला बसून घेणार नाही, घेईन तर चालत, असं मीही ठणकावलं.

मग काय, सराव. लेक बाळाला घेऊन बाहेर गेली की मी पट्टी सोडायचो, कारण ती सोडली तरच माझे जुने पांढरे बूट पायात जायचे. घरातल्या बोळात खुर्ची मांडली, फरशीवर खडूने रेघ मारली. एका हातात घड्याळ, आणि तालीम पक्की व्हावी म्हणून छातीशी एक उशी. पहिल्या फेरीला पंधरा. दुसऱ्या फेरीला तेरा. तिसऱ्या फेरीला मी ऐटीत वळलो, पण पाय काही वळला नाही. आडवा झालो. घड्याळ कपाटाखाली गेलं. खाटेला धरून कसाबसा उठलो, आणि शाळेत पोरांचा मुरगळलेला पाय बांधायचो तशी पट्टी झकास बांधून टाकली. पडलो तरी नाक वर.

मंगळवारी सिस्टरांनी पाय हातात घेतला आणि थांबल्या.

"सर, मी कधी गाठ मारत नाही. मी टेप लावते."

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात तो मीच. खाली बसलो होतो वगैरे सांगून झालं, पण गुडघा काळानिळा आणि जखम पुन्हा ओली. शेवटी कबूल केलं. सिस्टर खूप बोलल्या. महिनाभराची कमाई तुम्ही पाण्यात घातलीत म्हणाल्या, आणि ही शर्यत नाही, हे मला दोनदा म्हणायला लावलं. मग पट्टीसकट पाय मावेल अशी रुंद, पट्ट्यांची चप्पल लिहून दिली. खुर्चीची पाठ धरून टाचा उचलायच्या, आणि वळताना छोटी छोटी चार पावलं टाकायची. घरी जाऊन लेकीलाही पडल्याचं सांगितलं. ती रडली, मग चिडली. उशीचं मात्र मी दोघींनाही सांगितलं नाही.

अडीच महिने इमानेइतबारे टाचा उचलल्या. काल सिस्टरांनी घड्याळ माझ्यासमोर धरलं. अकरा पूर्णांक सहा! मला तर शिट्टी फुंकावीशी वाटली.

घरी आलो तशी लेक बोळातच बाळाला घेऊन पुढे आली. हसत होती. घ्या बाबा, म्हणाली, फिरवा आता हवं तेवढं. मी हात पुढे केले. पायाखाली तीच फरशी होती. मी हात मागे घेतले.

"थांब. आधी मला बसू दे."

तिला कळेना. पास झालात ना, म्हणाली.

"मी पडलो ना त्या दिवशी, तेव्हा माझ्या हातात उशी होती. बाळ म्हणून घेतली होती. मी तिच्यावरच पडलो."

लेकीने खुर्ची ओढली, मी नीट टेकून बसलो, आणि मग तिने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. उशीपेक्षा कितीतरी जड आहे हो ती.