नाव घेऊन बोला

मोबाइलला 'बाहेर' कळतं आणि 'भाईर' कळत नाही, याचा मला भयंकर राग यायचा. का कळू नये? अख्खा मराठवाडा भाईर म्हणतो. म्हणून विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट निवडायची वेळ आली तेव्हा मी सरांना सांगून टाकलं, मी गेम करणार, आणि तो बटणं दाबून नाही, तोंडानं बोलून खेळायचा. आपण माइकमध्ये बोलायचं, गेममधल्या माणसांनी ते ऐकायचं आणि तसं वागायचं. सर म्हणाले, देविका, झेपेल का? म्हटलं, बघाच तुम्ही. वर्षभर भोकरच्या बाजारात, इस्लापूरच्या एसटी स्टँडवर लोकांचे आवाज गोळा करत फिरले. ही पोरगी येडी हाय, असं तोंडावर ऐकून घेतलं. पण माझं यंत्र लई, न्हाई, बिगीबिगी, सगळं शिकलं.

गेममध्ये किल्लारीच्या बाजूचं एक गाव होतं. माळवदाची घरं, दगडमातीच्या जाड भिंती. जमीन हलायला लागली की खेळणाऱ्यानं घरातल्यांना हाका मारायच्या आणि भिंती पडायच्या आत सगळ्यांना अंगणात आणायचं. हे गाव मला केवळाकाकूंनी दिलं होतं. अकरावी-बारावीच्या क्लाससाठी मी लातूरला त्यांच्याकडे राहायचे. घरच्यांना डॉक्टर हवी होती, झाले इंजिनिअर, तो विषय नको. लातुरात क्लासची पोरं वाढली तशा काकूंच्या मुलानं, बालाजीदादानं, घरावर खोल्या चढवल्या आणि खाली मेस काढली. काकू भाकरी थापताना गावाचं सांगायच्या. भूकंपात त्यांचा नवरा आणि थोरली लेक आरती झोपेतच गेले, दादा लहान होता, त्यांच्या कडेवर होता म्हणून वाचला. तेवढ्यावर त्या थांबायच्या.

परीक्षकांना दाखवण्याआधी गेम काकूंनी खेळून बघावा, हा माझा हट्ट. घरातल्या माणसांची नावं घातल्याशिवाय गेम सुरू होत नाही, म्हणून मी दादाला फोन केला. त्यानं चारही खरी नावं दिली. वर म्हणाला, अक्काला पिवळा फ्रॉक घाल, आई सांगती तिचा पिवळा होता, मला तर काहीच आठवत नाही, बघायला तरी मिळंल. मी जरा घाबरले. आईला विचारलंस का, म्हटलं. तर तीच म्हणाली होती म्हणे, बघू दे पोरीनं केलेलं गाव.

दुपारी पोरं क्लासला गेली होती. मेसच्या टेबलावर लॅपटॉप मांडला, काकूंच्या पदरावरून हेडफोन चढवला. पहिल्यांदा त्यांनी चुकाच काढल्या. पार ह्या अंगाला नव्हता, न्हाणी तिकडं होती. मग हळूच म्हणाल्या, आरती, पाणी आण गं बाई. पडद्यावरची पोरगी तांब्या घेऊन आली. काकू तोंडाला पदर लावून हसल्या. अशा त्या हसलेल्या मी कधी बघितल्या नव्हत्या. मला वाटलं, जिंकले मी. परीक्षक गेले खड्ड्यात.

मग जमीन हलली. उतरंड थरथरली. काकू ताठ झाल्या. आरतीचं नाव घेऊन म्हणाल्या, ऊठ, बालाजीला उचल, भाईर ये. पिवळा फ्रॉक धाकट्याला काखेत मारून अंगणात आला. शाब्बास! आता राहिला बाजेवरचा माणूस, पोरांचा आबा.

"अवो, उठा की," काकू म्हणाल्या.

माणूस हलला नाही. गेममध्ये माझाच नियम होता. अंगणात, घरात इतकी माणसं, बोलणं कोणाला आहे हे यंत्राला कळावं म्हणून आधी नाव घ्यायचं, मग बोलायचं. पडद्यावर अक्षरं आली, नाव घेऊन बोला. मी वाचून दाखवलं. काकू पुन्हा म्हणाल्या, अवो, ऐकू येत न्हाई का. पुन्हा तीच अक्षरं. त्यांनी माझ्याकडं अशी नजर टाकली, जणू मी त्यांना चारचौघांत पदर काढायला सांगत होते. तरी माझं डोकं चालेना. चालणार कसं? आमच्या नांदेडच्या घरात माझी आई सौदामिनी वडिलांना 'माधव, दूध आणलंस का' अशी गल्लीभर ऐकू जाईल अशी हाक मारते. नवऱ्याचं नाव ज्या तोंडातून निघतच नाही असं तोंड असतं, हे वर्षभरात माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. मी खेकसले, अहो काकू, नाव घ्या ना, घर पडायला लागलंय!

काकूंनी भराभर इकडंतिकडं बघितलं. मग म्हणाल्या, आरती, जा गं, आबाला उठीव.

यंत्राला शब्दन् शब्द कळला. मीच शिकवलं होतं ना! पिवळा फ्रॉक गर्रकन वळला आणि आत पळाला. भिंत खाली आली. धुरळा बसल्यावर पडद्यावर आलं, दोन माणसं वाचली.

मी चिडले. एवढी सोपी गोष्ट! "काकू, बाहेर आलेल्या पोरीला परत आत कशाला धाडलं तुम्ही?"

काकू पडद्याकडंच बघत होत्या. "तवाबी अशीच धाडली," त्या म्हणाल्या.

दारात दादा उभा होता, हातात भाजीची पिशवी. तो कधी आला कुणास ठाऊक.

"आई, अक्का झोपेत गेली म्हणतीस ना तू?"

"न्हाई रे. भाईर आली व्हती. माझ्यापशी हुबी व्हती." काकूंचा आवाज अगदी सपाट होता. वरीसभर जमीन गुरगुरायची, म्हणून पोरांच्या आबांना त्याचं कौतुक राहिलं नव्हतं, नुसत्या 'अवो'नं कूस बदलून झोपले. अंगणात सासरे होते, भावकी जमली होती. "त्यांच्याम्होरं नाव कसं घ्यावं? मग म्हणलं, आरती, जा."

दादाच्या हातातली पिशवी खाली पडली. वांगी टेबलाखाली घरंगळत गेली, कोणी उचलली नाहीत. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. किती मोठा घोळ घालून ठेवला होता मी! लॅपटॉप मिटायला गेले तर काकूंनी माझं मनगट धरलं.

"परत लाव."

नको आई, दादा म्हणाला. त्यांनी ऐकलं नाही. माझा पासवर्ड दोनदा चुकला. ह्या वेळी काकूंनी पाणी मागितलं नाही, चुका काढल्या नाहीत. जमीन हलली. दोन्ही लेकरं अंगणात आली. काकू म्हणाल्या, आरती, तू हितंच थांब, काय बी झालं तरी हलायचं न्हाई. पोरगी थांबली.

मग त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. कपाळावरचा घाम हेडफोनपर्यंत आला. नाव घेऊन बोला, पडदा सांगत होता. तुमचं तळपट होवो, असं मी त्या अक्षरांना मनातल्या मनात म्हटलं. उतरंड कोसळली, चौकटीवरची माती गळायला लागली. दादा येऊन त्यांच्या शेजारी बसला आणि त्यानं आईचा हात धरला.

"ईश्वरप्पा," काकू पुटपुटल्या. आणि मग वरच्या मजल्यापर्यंत जाईल अशा आवाजात, "ईश्वरप्पा, भाईर या!"

बाजेवरचा माणूस उठला. दारात वाकून बाहेर आला आणि पिवळ्या फ्रॉकशेजारी उभा राहिला. त्याच्या मागं घर पडलं. चारही माणसं वाचली, असं पडद्यावर आलं.

दादा हमसून हमसून रडत होता. मीही रडत होते. काकू रडल्या नाहीत. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, पदर सारखा केला आणि मला विचारलं, "इतकंच व्हतं व्हय गं?"