लांब बाह्यांचा सदरा

कांद्याची पात कापून सुनेचे हात हिरवे झाले होते, पण तिचे डोळे झोळीवर होते. बांधावरच्या झाडाला झोळी, झोळीत तान्हं बाळ. आप्पा, म्हणजे तिचे सासरे, तिकडे दोन पावलं सरकले की ही आवाज द्यायची, आत्ताच डोळा लागलाय, राहू द्या. कधी म्हणायची, आत्ताच प्यायलंय, ओकेल. सबबींना तोटा नव्हता.

ती या घरात येण्याच्या कितीतरी आधी आप्पांना महारोग झाला होता. गोळ्यांचा कोर्स पुरा केला, बरे झाले, पण डावा हात आखडला तो आखडलाच, आणि बधिरही राहिला. गावाने त्याचीही थट्टा करून ठेवली होती. कुंपणाच्या काटेरी फांद्या ओढायच्या असल्या की म्हणत, आप्पाला बोलवा, त्याच्या हाताचे काही लाड नाहीत. सून कॉलेज शिकलेली. बरा झालेला माणूस रोग देत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण बाळ झालं आणि ते सगळं ठाऊक असणं कुठल्या कुठे गेलं. तिने आप्पांचा पेला वेगळा ठेवला, कुणाला न सांगता. आप्पांनीही तो न विचारता उचलला. तेव्हापासून तिला त्यांच्याकडे सरळ बघवत नसे.

दुपारी जेवणं उरकली, सासू आणि नवरा पोती आणायला घराकडे गेले. आप्पा सावलीत आडवे झाले. एवढ्या उकाड्यात अंगात लांब बाह्यांचा सदरा, हल्ली रोज तोच. उजवा हात उशाला घेतला तशी बाही वर सरकली आणि कोपराखाली तिला चट्टा दिसला. तांबूस, तुकतुकीत.

रोग उलटला असेल तर असा चट्टा बधिर असतो, हे तिला ठाऊक होतं. जवळच पोती शिवायचं दाभण पडलं होतं. निजलेल्या माणसाला टोचायचं म्हणजे काय, असं मनात येतंय तोवर दाभण हातात आलंही. तिने टोक हलकेच चट्ट्यावर दाबलं. आप्पा हलले नाहीत. जरा जोरात दाबलं.

"थोडं वर टोच," आप्पा डोळे न उघडता म्हणाले. "तिथं अजून कळतं."

दाभण तिच्या हातातून गळून पडलं. मान खाली घालून तिने विचारलं, कधीपासून आहे हे.

"बाळ मान धरायला लागलं ना, तेव्हा दिसला."

"मग आप्पा, बोलायचं नाही का?"

"बोलून काय झालं असतं, पोरी? आत्ता लांबून तरी बघतो. मग तेही बंद झालं असतं."

त्यात टोमणा नव्हता, म्हणून तर तिला ते जास्त लागलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, हा रोग कितीतरी वर्षांनी उलटतो कधी कधी, क्वचितच, पण उलटतो. गोळ्या पुन्हा सुरू करू, हा बरा होईल. घरच्या सगळ्यांना एकदा तपासू. आप्पांना वेगळं ठेवायची गरज नाही. मग उजव्या हाताची बधिर होत चाललेली बोटं दाबून बघत त्या जरा रागावल्याच, एवढे महिने अंगावर का काढलं म्हणून. वेळेवर आला असतात तर ही नस वाचली असती, आता या हाताची खात्री देता येत नाही.

आप्पा म्हणाले, कामाच्या धबडग्यात राहून गेलं. सून भिंतीकडे बघत राहिली. ते राहून का गेलं होतं, हे तिला सांगायची गरज नव्हती.

गोळ्या सुरू झाल्या, बाळाची तपासणी झाली, ते ठणठणीत निघालं. एका संध्याकाळी आप्पा ओट्यावर बसले होते. तिने बाळ आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते गडबडले, हात मागे नेले. तिने ते दोन्ही हात धरून बाळाभोवती आणले. बाळ खुदखुदलं.

आप्पांनी श्वास रोखून धरला होता. थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "सूनबाई, जाऊ नकोस. इथंच बस."

"का हो, आप्पा?"

"घट्ट तर धरलं नाही ना मी? मला कळत नाही. तू बघ."