नाव सांगून

ल्येर्काला हे काम ब्लांकानेच शिकवलं होतं. म्हाताऱ्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, चिडलेल्याशी हळू आवाजात कसं बोलायचं, सगळं. स्लावोनिया प्रांतातल्या एका छोट्या गावच्या वृद्धाश्रमात ब्लांका मुख्य नर्स होती. ल्येर्काने नवरा सोडला तेव्हा तिला स्वतःच्या घरी ठेवून घेणारीही तीच. म्हणून म्हाताऱ्यांच्या दुपारच्या चहात ब्लांका झोपेचे थेंब टाकते हे कळल्यावर ल्येर्का आधी तिच्याकडेच गेली.

त्या दिवशी व्हिंको आजोबांच्या घशात पाव अडकला होता. गुंगीत त्यांना गिळताच येईना. पाठीवर थापट्या मारून मारून ल्येर्काने त्यांचा श्वास मोकळा केला.

"डॉक्टरांनी थेंब लिहून दिलेले नाहीत, ब्लांका."

"मग तू सांभाळ एवढ्या जणांना. सगळे जागे असले की काय होतं, पाहिलंयस ना?"

"पाहिलंय. पण आज आजोबा गेले असते."

"गेले नाहीत ना? मग झालं."

मग ल्येर्का संचालकांकडे गेली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, "बघतो" म्हणाले, आणि लगेच ल्येर्काला तळघरात कपडे धुवायला पाठवलं.

"आता वरच्या तपासणी कार्यालयात फोन कर," श्तेफित्सा म्हणाली. ती तिथली सर्वांत जुनी सेविका, तोंडाने फटकळ. "पण नाव सांगू नकोस बाई. नाव सांगणाऱ्याला या गावात पुन्हा कुणी कामाला ठेवत नाही."

ल्येर्काने निनावी फोन केला. तपासणी करणारे आले, पण ते येणार हे संचालकांना आधीच कळलं होतं. त्या दिवशीच्या चहात काहीच नव्हतं. तपासणारे कॉफी पिऊन निघून गेले.

मग संचालकांनी सगळ्यांना जेवणघरात बोलावलं. श्तेफित्साकडे रोखून पाहत ते म्हणाले, "काहींची जीभ फार सैल आहे. त्यांनी पेन्शनची वाट आपल्या घरी बसून पाहावी."

फटकळ श्तेफित्सा खाली मान घालून बसून राहिली. तिने ल्येर्काकडे पाहिलंसुद्धा नाही.

ल्येर्का उठली. "फोन मी केला होता. आता पुन्हा तक्रार करणार, या वेळी नाव सांगून."

"माझ्या घरात राहिलीस तू," ब्लांका म्हणाली.

"राहिले. ते मी विसरणार नाही. पण हे सांगणारच."

दुसऱ्या दिवशी तपासणी कार्यालयात जायला ती ओसियेक शहराच्या बसच्या थांब्यावर आली, तर श्तेफित्सा तिथे आधीच उभी.

"तू कशाला?"

"घाबरलीस की तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही. आणि तो चहा ब्लांका माझ्यासमोर ढवळायची. चढ आता, बस आली."

दोघींनी आपापली नावं सांगितली, जबाबावर सह्या केल्या. पुढची तपासणी न कळवता झाली, ऐन चहाच्या वेळी. ब्लांकाची नोकरी गेली. संचालकांना नोटीस मिळाली, खुर्ची मात्र टिकली. दोन नव्या सेविका घ्याव्या लागल्या आणि ल्येर्का तळघरातून वर आली. ब्लांकाच्या मैत्रिणी ल्येर्काशी बोलेनाशा झाल्या.

आता दुपारी सगळा मजला जागा असे. कुणी आईला हाका मारी, कुणी चमचा भिरकावी.

"ऐक," ब्लांकाच्या मैत्रिणींपैकी एक सेविका जाता जाता म्हणाली, "हे तू आणलंस."

"हो," ल्येर्का म्हणाली, आणि हाका मारणाऱ्या बाईंजवळ खुर्ची ओढून बसली.