नेपथ्य समिती

मंडळात कुणी चहाचे कप जरी उचलले तरी मी त्याला कुठल्यातरी समितीत घालते. अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळाची मी अकरा वर्षं कार्यवाह आहे. माणसं टिकवायचा मला तेवढाच उपाय माहीत. आयगुलनं तर आमच्या नाटकाचा अख्खा पडदा शिवून दिला होता. म्हणून मंडळाच्या वेबसाइटवर मी हौसेनं तिचं नाव टाकलं, फोटोसकट: सदस्य, नेपथ्य समिती. तिला विचारलं नाही. आपल्यात असलं कुणी विचारतं का?

आयगुल माझी शेजारीण, चीनमधल्या काश्गरची. दर रविवारी ती आईला फोन करायची. बोलणं फक्त हवेचं आणि जेवणाचं. तिकडे कम्युनिस्ट पक्षाचं राज्य, फोन कुणीतरी ऐकतं, हे दोघींना ठाऊक. मी शहाणपणा करायचे, "तू काही केलंच नाहीस, मग भितेस कशाला?" ती नुसती हसायची.

नाव टाकल्यावर तिसऱ्या आठवड्यात ती माझ्या दारात उभी राहिली. तिच्या आईकडे पोलीस येऊन गेले होते. मुलगी परदेशात कुठल्या संघटनेत शिरली आहे, तिथे काय शिजतंय, असं विचारत होते. गुन्हा कुणीच केला नव्हता. पुढे होऊ नये म्हणून ते आले होते.

"आई म्हणाली, आता फोन करू नकोस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मंडळाची वेबसाइट सांभाळणाऱ्या आमच्या श्रीरंगनं लगेच ते पान डिलीट केलं. म्हणाला, "पण यार, स्क्रीनशॉट त्यांच्याकडे असणारच."

आयगुलला माझ्याकडून फक्त मंडळाच्या लेटरहेडवर एक पत्र हवं होतं, आईला पोलिसांना दाखवता येईल असं. मी लिहिलं, ही आमची सदस्य नाही, कधीच नव्हती.

तिनं ते वाचलं. "पुढे लिही, आम्ही हिला ओळखत नाही."

"अगं, पण..."

"लिही. आणि यापुढे तसंच वाग."

मी लिहिलं, सही केली. इतकं वाईट काम मी मंडळासाठी कधी केलं नव्हतं.

एप्रिलमध्ये तिची आई गेली. मला ते गल्लीतल्या दुसऱ्याच बाईकडून कळलं. डब्यात खिचडी भरून मी निघाले. तिच्या बेलला कॅमेरा आहे; फोन ऐकणारे तेही बघत असतील. त्यात मी दिसले असते, तिची कुणीतरी म्हणून. मी रस्त्यावरूनच परत फिरले.