तेवढंच मागे घ्या

मुलीने लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि बाबांच्या नावासमोरच्या लाल पट्टीवर बोट ठेवलं. फ्रिज-एसी दुरुस्तीच्या ऑनलाइन कोर्समध्ये कोणाला किती कळतंय, ते ही पट्टी सांगायची. लाल म्हणजे सगळं डोक्यावरून जातंय. बाबांना पुन्हा प्राथमिक वर्गात बसवायचं का, हे ठरवायला कोर्सच्या मॅडम आता व्हिडिओ कॉलवर येणार होत्या. तसं झालं, तर वर्कशॉपमधली मुख्य मेकॅनिकची जागा हातची गेलीच म्हणायची.

"चाचण्या तर सगळ्या बरोबर आहेत तुमच्या," मुलगी म्हणाली. "मग लाल कशाला?"

"तूच बघ," बाबा म्हणाले.

शाळेत आलेख शिकल्यापासून तिला दिसेल तो आलेख वाचायची खुमखुमी होती. तिने पट्टी उघडली. व्हिडिओ पुन्हा पुन्हा मागे घेतलेले, आणि पट्टी रंगवणाऱ्या यंत्राच्या मते ज्याला कळत नाही तोच मागे जातो. पण वायरिंगचे धडे सरळ बघितले होते. गाडी अडली होती ती गॅस, दाब आणि थंडाव्यापाशी. संध्याकाळी बाबा धडा लावत, तेव्हा मागे कपड्यांच्या घड्या घालणारी आई मध्येच म्हणायची, अहो, तेवढंच मागे घ्या.

मुलीने वळून पाहिलं. आईचं तोंड एवढंसं झालं होतं. नेट अडकत होतं म्हणून सांगा, आईने बाबांना सुचवलं. एका नावावर दोघांनी शिकणं नियमात बसत नव्हतं. खरं बोललं, तर कोर्समधूनच नाव कटायचं.

मॅडम पडद्यावर आल्या आणि त्यांनी थेट विचारलं, कुठे अडतंय?

बाबा ताठ बसले.

"मी नाही अडलो, मॅडम. ते मागे घेणं आमच्या हिचं. माझ्यापेक्षा बारकाईने ऐकते ती. नियम मोडलाय, ठाऊक आहे मला."

इतकी छान मान वर करून चूक कबूल करणारं माणूस मुलीने आजवर पाहिलं नव्हतं.

मॅडमनी आईला समोर बोलावलं. काय समजलं नव्हतं, ते विचारलं.

"समजलं होतं हो," आई केस सारखे करत म्हणाली. "पटत नव्हतं. आत एवढा थंडावा करतो तो गॅस, मग फ्रिजच्या मागची जाळी तापते का?"

मॅडमनी चित्र काढून सांगितलं. आईने दोनदा हुज्जत घातली, मगच मान डोलावली. बाबांना मॅडमनी ताकीद दिली आणि त्यांची पट्टी हिरवी केली. मग त्यांनी विचारलं, नवा वर्ग सुरू होतोय, यांचं नाव घालू?

बाबांनी तोंड उघडलं, तोच मुलीने टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय दिला.

आईने आपलं पूर्ण नाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून. पडद्यावर नवी ओळ उमटली. मुलीने ती मोठ्याने वाचली, मग उगाचच पुन्हा एकदा वाचली.

"सरका जरा," आई बाबांना म्हणाली. "पहिला धडा लावा. आणि मध्ये बोलू नका."