हळदीचा न्याय

मारुतीच्या पारापुढे त्या संध्याकाळी जेवढी माणसं जमली होती, तेवढी सप्त्याच्या काल्यालाही जमत नसत. टोमॅटोच्या जाळ्या भरायच्या सोडून गडी आले होते, झेंडूचे वाफे अर्धे तोडून बायका आल्या होत्या. पारावर सावळीरामबुवा मांडी ठोकून बसला होता. पुढ्यात पितळी परात, परातीत कालवलेली हळद, आणि परातीसमोर ओळीनं उभी केलेली यादवच्या मळ्यातली माणसं, दोन्ही तळवे वर करून.

"कोर्टात तारीख पडते, माझ्यापुढं रंग पडतो," बुवा सांगत होता. "साक्षीदार फुटतो, वकील फिरतो, हळद कधी फिरत नाय. ती देवीची हाय. जो चोर, त्याच्या हातावर ती रक्त ओकणार."

मग शेवटच्या सभेत पुढारी आणतो तसा आवाज खाली आणून त्यानं बजावलं, की हात कुणी धुवायचे नाहीत. पाप पाण्यानं जात नसतं. कामावरून आलात तसेच उभे राहा. विंचूरकडे एक धुणंवाली अशीच सापडली, नांदगावकडे घरांना चुना मारणारा एक जण सापडला, दोघंही आधी शपथा खात होते, असंही त्यानं ऐकवलं.

पहिले हात मालकाचे, म्हणजे यादवचे. हळद लावली, पिवळीच राहिली. मुकादमाची पिवळी, टोमॅटो तोडणाऱ्या दोघींची पिवळी, मंगळूची पिवळी. शेवटी मंगळूची बायको कुसाबाई. द्राक्षबागेतल्या औषधाच्या टाकीजवळून ती थेट आली होती. बुवानं बोटांनी हळद फासली, आणि लोकांच्या डोळ्यांदेखत कुसाबाईचे तळवे आधी शेंदरी झाले, मग कुंकवासारखे लाल.

गर्दीतून एक लांब सुस्कारा निघाला. म्हाताऱ्यांनी हात जोडले. कुसाबाई स्वतःच्या हातांकडे अशी बघत होती, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत.

मनीषा सगळ्यांच्या मागे उभी होती. यादवची बायको, चाळिशीला टेकलेली. गंगापूर रोडवरच्या कॉलेजातून एसटीनं ती नुकतीच परतली होती, खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरली नव्हती. तिचे हात तपासायचं कुणी काढलं नाही. सासूबाई वत्सलाबाई म्हणाल्याच होत्या, "ती घरात असते कुठं चोरी करायला?"

चोरी झाली होती वत्सलाबाईंच्या सोन्याच्या पुतळ्यांच्या माळेची. माहेरून आलेली, लग्नाकार्यालाच बाहेर निघणारी. दिवाळीनंतर डब्यात हात घातला तर डबा रिकामा. दिवाळीत घरात कोण नव्हतं आलं? पाहुणे, जावई, भाऊबीजेला आलेले भाऊ, भांडी विकणारी, व्यापारी. पण संशय घ्यायला पाहुणे सोयीचे नसतात. मागच्या दाराजवळ पाणी प्यायला येणारी पेठकडच्या डोंगरातली मजूरबाई सोयीची असते. बुवानं आधी घरी येऊन चहा घेतला होता, तेव्हाच विचारून ठेवलं होतं, "तुमचं मन कुणाकडं जातं?" वत्सलाबाईंचं मन कुठं गेलं ते त्यांनी सांगितलं होतं.

मनीषाच्या शिकण्याची गावात जरा गंमतच होती. मुलगी लग्न होऊन गेली, तेव्हा आई कॉलेजात गेली. बी.ए.ला मुख्य विषय मराठी घेतला. गौण विषय म्हणून मानसशास्त्र हवं होतं, पण त्याच्या जागा भरल्या होत्या. भूगोलाला सहलीला जावं लागतं, म्हणजे घरी परवानगी मागा. उरलं गुन्हेशास्त्र आणि फौजदारी न्याय, ते घेतलं. तेव्हापासून दीर तिला फौजदारीणबाई म्हणत. भाजीत मीठ जास्त झालं की यादव म्हणे, गुन्हा दाखल करा. पहाटेचा स्वयंपाक, दुपारची बस, वर्गात मुलीच्या वयाच्या पोरांमध्ये शेवटचा बाक, आणि घरी आल्यावर पुन्हा चूल. विषय चांगला होता, फक्त तो ऐकताना तिला फार झोप येई.

कुसाबाईला बुवानं दुसऱ्या संध्याकाळपर्यंत मुदत दिली. चौघांत कबूल व्हायचं, माळ परत करायची. मग तो हातावर लिंबू पिळेल, दोष उतरेल, हात पुन्हा पिवळे होतील. कबूल नाही झाली तर हात मनगटापासून सडतील. लोक घरी गेले ते दोन्ही शक्यतांवर तितकेच खूश होऊन.

मनीषा मजुरांच्या झापाच्या खोपीकडे गेली. कुसाबाई बाहेरच्या दगडावर बसली होती. हात घासून घासून सोलवटले होते, मंगळू आत पोरांना भात वाढत होता.

"मी नाय घेतली, ताई."

"मग उद्या तसंच सांग."

"तसं सांगलं तं हात सडंल म्हणतो. न् घेतली म्हणलं तं सुटका. पण मग माळ कुठून देऊ?"

मंगळू आतूनच बोलला. मुकादमानं सांगून ठेवलं होतं, की चोराचं बिऱ्हाड म्हणून नाव झालं की या पट्ट्यात कुठल्याच बागेत उभं करणार नाहीत. दर छाटणीला डोंगरातून इथं उतरायचं, त्यावर उन्हाळा निघायचा. नाव गेलं की ते गेलं. गावाकडंही बातमी आधी पोचेल, ही दोघं मागून. कुसाबाईनं ठरवल्यासारखं सांगितलं, की ती कबूलच करणार आहे. माळेपायी मजुरी ठेवून घेतील, मारतील, पण पोरांसमोर रोज उठून सडणारे हात बघायला नकोत.

मनीषाला गेल्या परीक्षेतला प्रश्न आठवला, कबुलीजबाबाचं पुराव्यातलं स्थान. धाकानं किंवा आमिषानं काढलेली कबुली ग्राह्य नाही, असं तिनं पाठ केलेलं धडाधडा लिहिलं होतं. सरांनी बरे गुण दिले होते. लिहिताना तिच्या डोळ्यांपुढे कुणीही नव्हतं. आता या बाईला काय सांगायचं होतं? की धाक घातला म्हणून कबुली चालत नाही? पारावर कुठलं कलम चालणार होतं?

घरी तिनं यादवजवळ विषय काढला. कुसाबाई तशी नाही, म्हणाली. यादव वाईट माणूस नव्हता. दमलेला होता, आणि आईच्या रडण्यानं जास्त दमला होता. तो म्हणाला, "हात लाल झाला का नाय? माझा का नाय झाला? तू पण बघितलंस की." तिनंही बघितलं होतंच.

सकाळी ती मागच्या दारी धुणं घेऊन बसली. वत्सलाबाई आदल्या दिवशी परातीला अगदी खेटून उभ्या होत्या, त्यांच्या लुगड्यावर हळदीचे शिंतोडे होते. मनीषानं साबणाची वडी घासली. पिवळे डाग लाल झाले.

ते तर होतातच. लग्न झाल्यापासून ती हळदीचे डाग धूत होती आणि साबण लागला की ते लाल होत होते. हळदीकुंकवाची लुगडी, लग्नातली धोतरं, भाजीचा हात पुसलेले पदर. गावात अशी एक बाई नव्हती जिला हे ठाऊक नव्हतं. पाराभोवती त्या सगळ्याजणी उभ्या होत्या, आणि एकीलाही धुण्याचा दगड आठवला नव्हता. पारावर गेलं की बाईमाणूस आपलं घरचं शहाणपण चपलांबरोबर खालीच ठेवतं. मनीषा त्या दगडावर तशीच बसून राहिली. तिला हसू आलं नाही, रागही फारसा आला नाही. इतक्या साध्या गोष्टीसाठी रात्रभर जागले, एवढंच वाटलं.

पण कुसाबाईनं साबणाला हात लावला नव्हता. ती टाकीजवळून आली होती. छाटणीनंतर बागेवर बोर्डो मारतात, म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचूद भिजवायचं, चुना विरवायचा, गाळायचा, मग दोन्ही एकत्र करायचं. यादवच्या मळ्यात चुना कालवायचं काम कुसाबाईकडे होतं, कारण त्यानं हात फुटतात आणि ते काम दुसरं कुणी मागत नाही. मनीषानं टाकीजवळच्या बादलीतला चुना बोटावर घेतला, वर चिमूट हळद चोळली. बोट लाल. त्यावर लिंबू पिळलं. बोट पिवळं. बुवाचं सगळं देवस्थान तिच्या एका बोटावर मावलं.

त्या दिवशी ती कॉलेजला गेली नाही. दुपारभर कुसाबाईच्या शेजारी बसून तिनं चुना कालवला.

संध्याकाळी गर्दी कालच्यापेक्षा जास्त होती, कारण सडणारा हात बघायला मिळण्याची आशा होती. कुसाबाईनं तोंड उघडायच्या आत मनीषा पुढे झाली आणि बुवापुढे स्वतःचे तळवे धरले. काल माझे राहिले होते, म्हणाली. बुवा चाचरला. घरच्या लक्ष्मीला कशाला, म्हणू लागला. गर्दीतल्या कुणीतरी म्हटलं, फौजदारीणबाईंचेही बघा की, आणि लोक हसले. नाइलाजानं त्यानं हळद फासली.

हात लाल झाले. कुसाबाईच्यापेक्षाही लाल.

यादव उठून उभा राहिला. बुवा मात्र मुरलेला गडी. त्यानं जाहीर केलं, "दोघी सामील हायेत. देवीनं आज उघडं पाडलं."

"मग देवीला आणखी काम आहे," मनीषा म्हणाली. तिनं पिशवीतून धुण्याच्या साबणाची वडी काढली, पाण्याचा तांब्या घेतला, आणि समोरच्या बायकांना एकेकीला नावानं हाक मारली. हाताला साबण लावा आणि परातीत बोट बुडवा, एवढंच सांगितलं. पहिली लाजत आली. दुसरी तिला ढकलत आली. तिसऱ्या बाईनं बोट वर केलं तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, सरपंचीणबाई पण चोर का? मग रांगच लागली. पाऊण गावाच्या बायका लाल बोटं वर करून एकमेकींना दाखवत होत्या, आणि मंगलाबाई नावाची म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "अगं, हे तर रोजचं धुणं हाय."

मनीषानं मग कुसाबाईचे हात लिंबानं चोळले, पाण्यानं स्वच्छ धुतले, पुसले, आणि स्वतः हळद लावली. पिवळी. कबुली दिली म्हणून, असं बुवा पुटपुटला. पण कुसाबाईनं अजून तोंडही उघडलं नव्हतं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. मनीषानं मोठ्यानं समजावलं, की चुना, सोडा, साबण, राख, यातलं काही हाताला असलं की हळद लाल होते आणि आंबट लागलं की परत पिवळी. म्हणून बुवा हात धुऊ देत नाही. म्हणून त्याला सापडते ती धुणंवाली आणि चुना मारणारा. ज्याचे हात कामात असतात, तोच दर वेळी याचा चोर. मालकाच्या हाताला चुना लागतच नाही, मग मालक कसा सापडणार?

यादव खाली बघत होता.

बुवानं परात आवरली. देवीचा कोप होईल, असं जाता जाता म्हणाला, पण त्यात जोर नव्हता. कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून तो निघून गेला. त्याला कुणी अडवलं नाही. पुढल्या आठवड्यात तो दुसऱ्या कुठल्या तरी पारावर बसणार, हे मनीषाला दिसत होतं, आणि तिथं कुणाला धुण्याचा दगड आठवेल याची तिला खात्री नव्हती.

गर्दी मात्र हलेना. वत्सलाबाईंनी सगळ्यांच्या मनातलं विचारलं. "मग माळ नेली कुणी?"

"माहीत नाही, आत्याबाई. पोलिसांत तक्रार देऊ."

लोकांचे चेहरे पडले. एवढा खटाटोप करून हीसुद्धा चोर देत नाही, मग हिच्या शिकण्याचा उपयोग काय, असं दोघातिघांनी बोलूनही दाखवलं. मनीषाला त्यांचा राग आला नाही. बुवानं त्यांना एका संध्याकाळात उत्तर दिलं होतं. ती त्यांना पोलिसांत तक्रार द्या म्हणत होती, म्हणजे हेलपाटे, आणि बहुतेक शेवटी काहीच नाही. वर्गात सर सांगत, की पुष्कळशा चोऱ्या उलगडतच नाहीत. तेव्हाही ती पेंगत होती.

लोक पांगायला लागले, तशी कुसाबाई बोलली. हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"चौघांत माझं नाव घातलं. चौघांतच काढा."

मुकादम तिला गप्प बस म्हणाला. यादवनं त्याला हातानं थांबवलं आणि आईकडे पाहिलं. वत्सलाबाई पदराचं टोक चुरगळू लागल्या. माहेरची माळ गेली होती, ती काही लिंबानं परत येणार नव्हती. शेवटी, गर्दीकडे न बघता, त्या म्हणाल्या, "तुझ्यावर माझा आळ नाय."

"मोठ्यानं," कुसाबाई म्हणाली.

त्या मोठ्यानं म्हणाल्या.

वत्सलाबाई पुढे महिनाभर मनीषाशी कामापुरतंच बोलल्या. माळ मिळाली नाही. पुढच्या छाटणीला मंगळूचं बिऱ्हाड पुन्हा उतरलं आणि यादवनं टाकीजवळ रबरी हातमोजे आणून ठेवले, कुणी न सांगता.

ज्यांनी हे वाचलं त्यांच्याकडे मागणं थोडकंच आहे. घरात हळद आहे, साबण आहे, आज करून बघा. बोट लाल झालं की त्याकडे नीट पाहा, कारण याच रंगावर एका बाईला चोर ठरवलं जाणार होतं. कुणी चमत्कारानं गुन्हेगार शोधून देतो म्हणाला, तर हात जोडण्याआधी विचारा, की सापडतं ते नेहमी गरीबच का? आणि खरं उत्तर हाती नसेल तर माहीत नाही म्हणा. म्हणायला जड जातं, लोक नाराज होतात, घरात अबोला धरतात. तरी म्हणा.